खुंटलेल्या रोपाचं वय

नागपुरात गच्चीवर किंवा बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांची एक तक्रार घरोघरी सारखी असते. रोप मरतही नाही आणि वाढतही नाही. टोमॅटोचं झाड वीत-दीड वीत उंचीवरच फुलावर येतं, दोन-तीन बारकी फळं धरतं आणि थांबतं. फुलकोबीचा गड्डा लिंबाएवढा होऊन विस्कटतो. मिरचीची सहा पानं महिनाभर सहाच राहतात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, चार बोटं वर आलं की दांडा काढून फुलायला लागतं. यावरचा पहिला उपाय ठरलेला असतो: मूठभर युरिया, नाहीतर चमचाभर डीएपी, आणि रासायनिक नको असेल तर केळीच्या सालींचं किंवा कांद्याच्या टरफलांचं पाणी. रोप खुंटलं म्हणजे ते उपाशी आहे, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की गच्चीवरच्या बहुतेक खुंटलेल्या रोपांचा आजार भूक हा नसतो. त्यांचे वाढीचे दिवस वाया गेलेले असतात. ज्या पिकाचं सगळं आयुष्य तीन-चार महिन्यांचं आहे, त्याला हे दिवस नंतर कितीही खत घातलं तरी परत मिळत नाहीत. म्हणून खताच्या पिशवीला हात घालण्याआधी रोप किती दिवसांचं झालं आणि तेवढ्या दिवसांत त्याच्या मुळांनी काय केलं, हे विचारायला हवं.

झाड फुलायचं कधी ठरवतं, यापासून सुरुवात करू. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलर्ड या दोन शास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता, जो उन्हाळ्यात पुरुषभर उंचीच्याही वर जाई पण फुलत नसे. हिवाळ्यात काचगृहात लावला की लहान असतानाच फुले. सोयाबीनचा एक वाण त्यांनी थोड्याथोड्या दिवसांच्या अंतराने पेरला, तर आधी पेरलेलं काय आणि उशिरा पेरलेलं काय, सगळं जवळपास एकाच सुमाराला फुलावर आलं. झाडं दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवून त्यांनी दिवस कृत्रिमरीत्या लहान केला आणि सिद्ध केलं की ही झाडं दिवसाची लांबी मोजतात. विदर्भातल्या सोयाबीन उत्पादकाला हे निबंधाशिवायही ठाऊक आहे. पाऊस लांबला, पेरणी जुलैच्या मध्यावर गेली, की सोयाबीन बुटकंच फुलावर येतं, कारण त्याला फुलायची तारीख बाहेरून, आकाशाकडून मिळते. नागपूर सुमारे २१ अक्षांशावर आहे. इथला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या थोडा आत आणि सगळ्यात लहान दिवस पावणेअकरा ते अकरा तासांचा. हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही, सोयाबीनला आणि शेवंतीला मात्र पुरेसा जाणवतो.

पण गार्नर-अॅलर्डच्याच कामातून झाडांचा आणखी एक गट पुढे आला, ज्याला दिवसाच्या लांबीचं काहीच पडलेलं नसतं. टोमॅटो या गटातला. तो आपलं वय मोजतो, आणि वय म्हणजे त्याच्यासाठी पानांची संख्या. साधारण आठ-दहा पानं झाली की शेंड्याशी पहिला फुलोरा येतो, मग तो नोव्हेंबर असो की एप्रिल. त्यातही ज्यांना बुटके वाण म्हणतात, त्यांच्यात प्रत्येक फांदी ठराविक फुलोऱ्यांनंतर आपली वाढ स्वतःच संपवते. हा गुणधर्म १९१४ साली अमेरिकेत फ्लोरिडात एका झाडात आपोआप उपजला आणि आज आधाराशिवाय वाढणारे शेतातले बहुतेक वाण त्याचेच वारसदार आहेत. कुंड्यांसाठी म्हणून विकलं जाणारं बियाणंही पुष्कळदा याच जातीचं असतं. शेवंतीच्या माळ्याला दिवा लावून फुलणं लांबवता येतं आणि तेवढा वेळ झाड वाढवून घेता येतं. टोमॅटोच्या बाबतीत ही सोय नाही. पहिल्या चार आठवड्यांत मुळं पसरली नाहीत, तरी फुलायची वेळ टळत नाही. जेवढं झाड झालं असेल तेवढ्यावर फुलं येतात, आणि फळं धरली की पानांनी बनवलेलं अन्न त्यांच्याकडे जायला लागतं. मुळांच्या वाट्याला उरलेलं येतं. इथून पुढे झाड मोठं होणं जवळजवळ अशक्य असतं.

या गुणाचं टोकाचं उदाहरण म्हणजे जगात ज्याची फार चर्चा होते ते भांगेचं झाड. रशियातल्या यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ साली रुडेरालिस नावाने जो रानटी प्रकार नोंदवला, तो उत्तरेकडच्या तोकड्या उन्हाळ्यात दिवसाच्या लांबीची वाट न पाहता वयावर फुलतो. त्याच्या संकरातून 'ऑटोफ्लॉवरिंग' म्हणजे आपोआप फुलणारे वाण निघाले आणि परदेशी घरगुती लागवडीत झाड खुंटल्याचा प्रश्न पुढे आला. आपल्याकडे भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड हा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, कुंडीत एकच झाड असलं तरी, त्यामुळे ते झाड आपल्या गच्चीचा विषय नाही. पण त्यामागचं वनस्पतिशास्त्र मात्र आपल्या टोमॅटोचं, आपल्या फुलकोबीचं तेच आहे: ज्याच्या फुलण्याची वेळ आतून ठरलेली आहे, त्याला सुरुवातीचा एकही आठवडा फुकट घालवणं परवडत नाही.

मग हा आठवडा फुकट जातो कुठे? बहुतेक वेळा कुंडीत, मातीच्या आत, आपल्या नजरेआड. हेंड्रिक पोर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जगभरातले ६५ प्रयोग एकत्र करून कुंडीच्या आकाराचा हिशेब मांडला. कुंडी दुप्पट केली की झाडाचं एकूण वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खत-पाणी पुरेसं दिलं तरी लहान कुंडीतल्या झाडाची पानं प्रकाशसंश्लेषण कमी करतात असं दिसलं. मुळाला जागा नाही हे कळताच झाड वरचा कारभारच आवरता घेतं. कुंडी वाढीच्या आड येऊ नये असं वाटत असेल तर दर लिटर मातीमागे झाडाचं वाळलेलं वजन १ ग्रॅमच्या वर जाऊ नये, असं त्यांनी सुचवलं. प्रयोगशाळेची ही कसोटी घरात कोणालाच पाळता येणार नाही. पण पाच लिटरच्या रंगाच्या डब्यात टोमॅटो लावून त्याच्याकडून काय अपेक्षा करायची, याचा अंदाज त्यावरून येतो. टोमॅटो-वांग्याला पंधरा-वीस लिटर आणि मिरचीला आठ-दहा लिटर ही घरगुती लागवडीत रूढ झालेली किमान मापं आहेत. त्यांच्या खाली जायचं ठरवलंच, तर खुंटणं आपणच निवडलं असं समजावं.

दुसरा घोटाळा मातीचा. नागपूरच्या पश्चिमेकडचा भाग दख्खनच्या काळ्या बसाल्टवर वसलेला आहे, पूर्वेकडे जुना स्फटिकी खडक सुरू होतो. पण कुंडीसाठी जी माती मागवली जाते ती बहुतेक वेळा काळी, भारी, कापसाचीच असते. शेतात ही माती सोन्यासारखी आहे, कारण ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि रब्बीपर्यंत पुरवते. नेमका हाच गुण कुंडीत तिचा दोष होतो. शेतात वरचं पाणी खालच्या कोरड्या थराकडे ओढलं जातं. कुंडीत खाली थरच नाही. तळाची माती पूर्ण चिंब झाल्याखेरीज छिद्रातून पाणी गळत नाही, आणि गळणं थांबल्यावरही तळाचे काही इंच चिंबच राहतात. माती जितकी बारीक तितका हा चिंब थर जाड. त्यावर उपाय म्हणून तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरायची पद्धत आहे, पण त्याने चिंब थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर सरकतो, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून छिद्रावर एखादं खापर ठेवणं ठीक, त्याहून जास्त काही नको. आणि ही माती सुकली की दगडासारखी घट्ट होते. घट्ट मातीत मुळं ताकद कमी पडल्यामुळे थांबतात, अशी जुनी समजूत होती. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या बिपीन पांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवलं की घट्ट मातीत मुळांनी सोडलेला इथिलीन वायू बाहेर पडू शकत नाही, मुळाशीच साचतो, आणि त्या संकेतावर मूळ आपली वाढ स्वतः रोखतं. इथिलीन ओळखता न येणारी भाताची रोपं त्याच घट्ट मातीत शिरताना दिसली. म्हणजे खुंटणं हा पुष्कळदा झाडाने घेतलेला निर्णय असतो, आणि खत घालून तो निर्णय फिरत नाही. फिरवायचा तर हवा खेळती ठेवावी लागते: काळ्या मातीचा एक वाटा, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक वाटा, आणि एक वाटा भरड माल. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधला तूस, जाळलेला असेल तर आणखी उत्तम, नदीची जाडी रेती, धुतलेला कोकोपीट, जे मिळेल ते.

तिसरं कारण ऊन, आणि त्याबाबत नागपूरकरांना काही सांगायला नको असं वाटेल. पण आपण हवेचं तापमान पाहतो, मूळ पाहतं ते कुंडीचं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो सावलीतला, जाळीच्या पेटीतला आकडा. सिमेंटच्या स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या ग्रो बॅगची पश्चिमेकडची बाजू एप्रिलच्या साध्या दुपारीही हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि बहुतेक भाज्यांची मुळं ३५ ते ४० अंशांच्या पलीकडे वाढणं सोडून देतात. पिशवीच्या कडेला लागलेली मुळं, जी खरं तर सर्वांत तरुण आणि सर्वांत कामाची, तीच रोज दुपारी भाजून निघतात. वर पान हिरवं दिसत राहतं, कारण सकाळ-संध्याकाळ पाणी मिळतं. रोप जगतं आणि तिथेच अडकतं. हिरवी जाळी पानांवर सावली करते हे खरं, पण कुंडीच्या अंगावर तिरपं ऊन पडतच असेल तर ती अर्धंच काम करते. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणं, स्लॅबपासून विटांवर उचलणं, बाहेरून पांढरा रंग किंवा ओलं पोतं लावणं आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालणं यांचा फायदा मुळांना थेट मिळतो.

आता खताकडे येऊ, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मूठभर युरिया म्हणजे साधारण ५० ग्रॅम धरू. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे २३ ग्रॅम नत्र. दहा इंच व्यासाच्या कुंडीचं तोंड अर्ध्या चौरस फुटाहून किंचित मोठं असतं. एका एकरात अशा जवळपास ८०,००० कुंड्या मावतील. गुणाकार केला तर आपण एकरी १,८०० किलोंच्या वर नत्र घातलं असं होतं. शेतकरी भाजीपाल्याला फार तर शंभर-सव्वाशे किलो देतो, आणि तेही हप्त्याहप्त्याने. एवढे क्षार एकदम विरघळले की मुळाबाहेरचं पाणी आतल्यापेक्षा जास्त खारं होतं आणि ओल्या मातीत उभं असलेलं रोप तहानलेलं राहतं. पानांची टोकं करपतात, ते पाहून आपण पाणी वाढवतो, आणि तळाचा चिंब थर आणखी जाड होतो. घरगुती खतंही या हिशेबातून सुटत नाहीत. कच्चं शेण कुंडीत कुजताना तापतं आणि त्यातून हुमणीही येते. लाकडाचा भुसा किंवा न कुजलेला पाला मातीत मिसळला तर त्याला कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात. पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी फेकायला जिवावर येतं म्हणून ते कुंड्यांना घातलं जातं, पण त्यातलं निव्वळ पाणी वाफ होऊन घर गार करून गेलेलं असतं आणि क्षार तेवढे मागे राहिलेले असतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणीही तसलंच. मूळ पाणी बोअरवेलचं असेल तर फारच वाईट. या पाण्याने गच्ची धुवावी. कुंड्यांना पेंच-कन्हानचं नळाचं पाणी द्यावं, आणि पावसाळ्यात एकदा तरी त्या मोकळ्या पावसात भरपूर निथळू द्याव्यात.

यावर आक्षेप येईल की खत घातल्यावर रोप तरारल्याचं अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. बरोबर आहे. नत्राची खरी कमतरता असू शकते आणि तिची खूण स्पष्ट असते: खालची, जुनी पानं आधी फिकट-पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं. ही खूण असेल तर थोडं, पातळ करून दिलेलं नत्र आठवड्याभरात फरक दाखवतं. पण नागपूरच्या चुनखडीयुक्त मातीत जास्त वेळा दिसते ती उलटी खूण, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. मातीत लोह नसतं असं नाही, सामू जास्त असल्यामुळे ते विरघळत नाही. सामू एका अंकाने वाढला की विरघळलेलं लोह हजारपटींनी घटतं. संत्र्याच्या बागायतदारांना हा आजार चांगला परिचयाचा आहे. अशा रोपाला युरिया देणं निरर्थक. त्याला चुनखडीच्या मातीत टिकणारं चिलेटेड लोह किंवा फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी लागते. खत वाईट असं कोणी म्हणत नाही. खूण न वाचता घातलेलं खत वाईट.

खूण वाचायची तर पानापेक्षा मूळ अधिक खरं बोलतं. खुंटलेली दोन-तीन रोपं असतील तर त्यातलं एक कुंडीसकट उलटं करून मातीचा गोळा सबंध बाहेर काढावा; एका रोपाच्या बदल्यात बाकीच्यांचं निदान होतं. मुळं गोळ्याभोवती चटईसारखी गुंडाळली असतील तर कुंडी अपुरी. तळाची मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी असतील तर पाणी साचतंय. मुळांवर बारीक गाठी असतील तर सूत्रकृमी. आणि पुष्कळदा दिसतं ते असं की नर्सरीतून आलेल्या कोकोपीटच्या ठोकळ्यातच सगळी मुळं आहेत, बाहेरच्या भारी मातीत एकही गेलेलं नाही. हे रोप लावलेलं दिसत असलं तरी लागलेलं नाही. नर्सरीत ट्रेमध्ये असतानाच एखादी कळी धरलेलं रोप आपण हौसेने निवडतो, पण वयावर फुलणाऱ्या पिकात ती सर्वांत चुकीची निवड असते. ट्रेच्या कपात त्याचं बालपण संपून गेलेलं असतं. टोमॅटो-वांग्याचं पंचवीस-तीस दिवसांचं, चार-पाच पानांचं, ठेंगणं पण कळी नसलेलं रोप घ्यावं. भेंडी, काकडी, गवार, चवळी यांची तर रोपं घेऊच नयेत, बी थेट कुंडीत टोचावं. यांचं सोटमूळ हलवलेलं सोसत नाही.

बियाणंच खराब असेल, ही शंकाही रास्त आहे, आणि ती फेडायला एक सोपा मार्ग आहे. एकाच पाकिटातली रोपं दोन वेगळ्या मातींत, दोन वेगळ्या जागी लावावीत. सगळी सारखीच खुंटली तर बियाण्यावर संशय घ्यावा. एकाच जागेची खुंटली तर जागेवर. पाण्याच्या टाकीच्या सावलीतली रोपं सहसा खुंटत नाहीत, उंच, बारीक आणि लोंबती होतात, त्यामुळे ठेंगण्या रोपाचं खापर कमी उजेडावर फोडू नये. पानं वळलेली असतील तर मात्र आधी कीड पाहावी. भिवापूरच्या मिरचीचा नावलौकिक ज्या जिल्ह्यात आहे तिथे चुरडा-मुरडा कोणाला नवा नाही: पानं होडीसारखी वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, आणि पान लहान होऊन झुपक्यासारखं झालं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोन्हींवर इलाज आहे, तिसऱ्यावर नाही. भेंडीवरच्या हळद्याचंही तसंच. अशी रोपं शेजारच्या कुंड्यांसाठी धोका असतात.

झाड बुटकं असण्यात वाईट काय, असा एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो नागपुरातच विचारला जावा हे योग्यच आहे, कारण इथल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बुटक्या, सुटसुटीत, लवकर येणाऱ्या कपाशीचा पुरस्कार अनेक वर्षं केला आहे. हलक्या, उथळ जमिनीत 'सूरज'सारखे वाण दाट लावले तर झाडामागे थोडीच बोंडं येतात, पण एकरात झाडं इतकी असतात की हिशेब जुळतो, आणि पावसाची ओल संपायच्या आत पीक हाती येतं. त्या कपाशीला कोणी खुंटलेली म्हणत नाही. तिचं मूळ तिच्या जमिनीत पुरतं पोचलेलं असतं, तिची पानं पूर्ण आकाराची असतात, फक्त पेरं आखूड असतात. गच्चीवरही हीच कसोटी लावावी. ठेंगणं झाड, पण पानं रुंद, खोड जाड, फुलं टिकतात: त्याला हात लावू नये. लहान पान, बारीक खोड, फुलं गळतात, महिन्यात नवं पेरं नाही: ते खुंटलेलं. आणि खुंटलेली सगळीच झाडं वाया जातात असंही नाही. मिरची आणि वांगं मुळात एका हंगामात संपणारी झाडं नव्हेत. वांग्याचा खोडवा आपल्याकडे घेतला जातोच. त्यांची फुलं तोडून, मोठ्या कुंडीत हलवून, शेंडा छाटून पुन्हा फुटवे घेता येतात, कारण त्यांच्याकडे अजून वेळ शिल्लक असतो. बुटक्या टोमॅटोकडे, फुलकोबीकडे आणि सांबाराकडे तो नसतो.

फुलकोबीची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिचं घड्याळ वयाबरोबर थंडीवरही चालतं. लवकरच्या हंगामाचा वाण उशिरा, थंडीच्या तोंडावर लावला, किंवा ट्रेमध्ये म्हातारं झालेलं रोप लावलं, की पानं पुरेशी व्हायच्या आतच गड्डा धरतो आणि बटणाएवढा राहतो. सांबाराला उष्णता घाई करते. मार्चमध्ये पेरलेलं सांबार फुलणारच, त्याला कोणतंही टॉनिक थांबवू शकत नाही. तेव्हा नागपुरात लावणीची तारीख हेच अर्धं खत आहे. टोमॅटोचं रोप ऑगस्टच्या शेवटी टाकून सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात लावलं तर त्याची पहिली फुलं नोव्हेंबरच्या गार रात्रींत येतात आणि धरतात. जानेवारीअखेर लावलेल्याची फुलं ३५ अंशांच्या पुढच्या दुपारी आणि उबदार रात्री गळतात. सांबार, मेथी, पालक ऑक्टोबर ते जानेवारी. भेंडी, गवार, चवळी फेब्रुवारीच्या सुरुवातीला किंवा पहिल्या पावसावर. लोक म्हणतील की बाजारात बाराही महिने टोमॅटो येतात. येतात, पण ते जिथे त्या महिन्यात रात्री गार असतात तिथून येतात.

या सगळ्यातून एक काम निघतं, जे करायला घरात कोणी तयार नसतं: खुंटलेलं रोप वेळेत उपटणं. हाताने लावलेलं रोप काढून टाकणं निर्दयपणाचं वाटतं आणि 'जगतंय तर राहू दे' असं म्हटलं जातं. पण चाळीस दिवसांचं, वीतभर, फुललेलं टोमॅटोचं झाड पुढचे दोन महिने ती कुंडी अडवून ठेवतं, आणि त्याच कुंडीत ऑक्टोबरात पंचवीस दिवसांचं नवं रोप लावलं तर ते त्याला महिन्याभरात मागे टाकतं. हंगाम हातात असेल तोवरच हा निर्णय कामाचा आहे; डिसेंबरनंतर त्या कुंडीत टोमॅटोऐवजी मेथी पेरावी. विषाणूचं रोप असेल तर दुसरा विचारच नको, ते पिशवीत घालून कचऱ्यात द्यावं, कंपोस्टमध्ये टाकू नये. मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी सापडल्या असतील तर ती माती फेकायचीही गरज नाही, कारण तिला औषध नागपूरच्या मे महिन्यात फुकट मिळतं. इस्रायलमधल्या काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे: माती ढेकळं फोडून ओली करायची, स्लॅबवर चार-सहा इंच जाडीने पसरायची, वरून पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा विटांनी दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवायची. प्लॅस्टिक काळं नको, पारदर्शकच हवं, म्हणजे ऊन आतल्या मातीपर्यंत पोचतं. आणि माती कोरडी नको, ओलीच हवी, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते आणि किडी-बुरशी जाग्या अवस्थेत सापडतात. मृगाच्या आधी प्लॅस्टिक काढून त्यात शेणखत आणि तूस मिसळला की भेंडीचं बी टोचायला कुंडी तयार असते.